पंचेचाळीस तासांनी मिळणारं उत्तर

[काळा पडदा. रेडिओची बारीक, एकसुरी शीळ.]

संगणक अडला की पहिला सल्ला ठरलेला असतो. बंद करून परत चालू करून बघ.

डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांनी नेमकं हेच करून बघितलं. व्हॉयेजर १ या अवकाशयानावरचा एक संगणक त्यांनी रीस्टार्ट केला. केला म्हणजे, तसा निरोप धाडला. निरोप पोचायला साडेबावीस तास. उत्तर यायला आणखी साडेबावीस. आणि एवढं थांबून जे हाती आलं ते आधीचंच रडगाणं होतं. एक आणि शून्य, एक आणि शून्य, त्याच नक्षीत, पुन्हा पुन्हा.

[यानाचं जुनं छायाचित्र. पांढरी थाळी, लांब दांडा.]

५ सप्टेंबर १९७७ ला हे यान निघालं, तेव्हा बेत पाचेक वर्षांचा होता. गुरू बघायचा, शनी बघायचा. १९७९ मध्ये गुरू झाला, १९८० मध्ये शनी झाला. त्यानंतर यानाला थांबवायचं कुणाला कारण नव्हतं आणि थांबवायची सोयही नव्हती. ते जात राहिलं. ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरलं. माणसाने केलेली कुठलीच वस्तू त्याआधी तिथवर गेलेली नव्हती.

नोव्हेंबर २०२३ च्या मध्यावर ते बरळायला लागलं, तेव्हा आपल्यापासून सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवर होतं.

गंमत अशी की यान मेलेलं नव्हतं. त्याचा रेडिओ चालू होता, थाळी पृथ्वीकडेच रोखलेली होती, पाठवलेली आज्ञा ते ऐकत होतं आणि पाळतही होतं. फोन उचलायचा, आपलं सगळं ऐकून घ्यायचं, सांगितलेलं कामही करायचं, पण तोंड उघडलं की नुसतं अं, अं, अं. अशा माणसाला काय झालंय हे त्यालाच विचारून कसं कळणार?

[यानाच्या आतली रेखाकृती.]

व्हॉयेजरवर तीन कामांसाठी तीन संगणक आहेत आणि प्रत्येकाची जोडी आहे. एक आज्ञा सांभाळतो, एक यानाची दिशा राखतो. तिसरा आपल्या गोष्टीतला. फ्लाइट डेटा सबसिस्टम, थोडक्यात एफडीएस. उपकरणांनी मोजलेलं आणि यानाच्या तब्येतीचं, असं सगळं गोळा करायचं, त्याचं नीट गाठोडं बांधायचं आणि रेडिओकडे सोपवायचं, हे याचं काम. गाठोडं बांधणाराच गोंधळला तर बाकी सगळं धडधाकट असून उपयोग शून्य.

एफडीएसची मेमरी आहे आठ हजारांच्या आसपास शब्दांची, एकेक शब्द १६ बिटांचा. म्हणजे साधारण १६ किलोबाइट. फोनवर काढलेला ३ मेगाबाइटचा एक फोटो ठेवायचा तर अशा जवळजवळ दोनशे संगणकांची मेमरी एकत्र करावी लागेल. शिवाय ही मेमरी वीज गेली की सगळं विसरणारी. तोवर अवकाशात असली विसराळू मेमरी कुणी पाठवली नव्हती, त्यामुळे धाकधूक होती. उपाय काढला तो असा: यानाच्या अणुबॅटरीपासून थेट या मेमरीपर्यंत वेगळी तार. बॅटरीच बंद पडली तर मेमरी गेल्याचं दुःख करायला यानही उरणार नाही, हा त्यामागचा रोखठोक हिशेब. मला तो फार आवडतो.

जोडीतला दुसरा एफडीएस मात्र १९८१ मध्येच निकामी झाला होता. आता होता तो एवढाच.

[डीप स्पेस नेटवर्कची प्रचंड थाळी, संथ वळताना.]

यानाकडून माहिती येते सेकंदाला १६० बिट या वेगाने. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, तेव्हा हे निवेदन व्हॉयेजरने पाठवायचं ठरवलं तर सेकंदाला सहा-सात चिन्हं येतील. मी बोलतोय त्याहून बरंच सावकाश.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एक सवय लागलेली असते. ओळ बदलायची, चालवायची, फसली की पुन्हा बदलायची. विचार थोडा कमी पडला तरी चालतो, कारण चूक करणं स्वस्त असतं. इथे एका प्रयत्नाची किंमत पंचेचाळीस तास. आणि चूक नुसती वेळ खात नाही. २०२३ च्याच जुलैमध्ये व्हॉयेजर २ या जुळ्या यानाला चुकीच्या आज्ञा गेल्या आणि त्याची थाळी पृथ्वीपासून अवघे दोन अंश सरकली. तेवढ्याने संपर्क तुटला. कॅनबेराच्या थाळीवरून सगळा जोर लावून हाक मारली, साडेअठरा तासांनी ती पोचली, आणि सुदैवाने यानाने मान वळवली. असं नशीब दर वेळी जोरावर असेलच असं नाही.

म्हणून व्हॉयेजर १ च्या मागे लागलेल्या मंडळींनी महिनोन्महिने जे केलं, ते कॅमेऱ्यात पकडण्यासारखं नाही. त्यांनी कागद वाचले. चार-साडेचार दशकांपूर्वी लिहिलेले कागद. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गुरू-शनी होते. त्यांच्या यानाला सेहेचाळिसाव्या वर्षी काय होईल, हा विचार त्यांनी केला असण्याचं कारणच नव्हतं.

[पडद्यावर फक्त तारीख: १ मार्च २०२४.]

त्या दिवशी एक वेगळी आज्ञा गेली. अभियंत्यांनी तिला नाव दिलं होतं ‘पोक’. कोपराने हळूच ढोसावं, तशी. एफडीएसला सांगितलं, नेहमीच्या वाटेने जाऊ नकोस, दुसरी वाट धरून बघ. प्रोग्रॅमचा एखादा भाग खराब झाला असेल तर कदाचित त्याला वळसा पडेल.

३ मार्चला उत्तर आलं. तेही कळण्यासारखं नव्हतंच. पण आधीसारखंही नव्हतं. त्या अर्थशून्य नक्षीच्या जागी काहीतरी वेगळं होतं. एफडीएस धड चालत असताना माहिती ज्या साच्यात येते तो साचा याला नव्हता, त्यामुळे हे काय आहे हे पटकन कुणाला उमगेना.

डीप स्पेस नेटवर्क म्हणजे दूरच्या यानांशी बोलणारं नासाचं थाळ्यांचं जाळं. तिथल्या एका अभियंत्याने ते उलगडलं. एफडीएसने आपली अख्खी मेमरी पाठवून दिली होती. प्रोग्रॅम, त्यातले आकडे, सगळं, शब्दन् शब्द. ‘काय होतंय?’ असं विचारल्यावर बोलता न येणाऱ्याने स्वतःचा एक्स-रेच पुढे करावा, तसं.

आता काम सोपं नसलं तरी स्पष्ट होतं. बिघाडाआधीची मेमरी यांच्याजवळ होती. जुनी आणि नवी शेजारी शेजारी ठेवायची आणि फरक शोधायचा. फरक सापडला. मेमरीचा सुमारे ३ टक्के भाग खराब झाला होता, आणि तो भाग सांभाळणारी चिप एकच होती.

ती चिप का गेली? दोन शक्यता. अवकाशातून आलेला एखादा वेगवान कण तिच्यावर आदळला असेल, किंवा ती म्हातारपणाने गेली असेल. कणाचं म्हणणं अगदीच दूरचं नाही. २०१० मध्ये व्हॉयेजर २ च्या याच संगणकात एक बिट, फक्त एक, शून्याचा एक झाला होता आणि तेवढ्याने माहितीचा चुथडा झाला होता. तो बिट परत जागेवर आणता आला. इथे चिपच गेलेली. २,४०० कोटी किलोमीटरवर सोल्डरिंग कोण करणार?

[कागदावर पेन्सिलीने आखलेल्या चौकटी. काही खोडलेल्या.]

मग उरतो एकच उपाय. त्या चिपवर जो प्रोग्रॅम होता तो दुसरीकडे हलवायचा. पण सगळा एकत्र मावेल एवढी सलग रिकामी जागा १६ किलोबाइटमध्ये नव्हती. म्हणून त्याचे तुकडे केले. एक तुकडा इथल्या फटीत, दुसरा तिथल्या.

ऐकायला हे सामान हलवण्यासारखं वाटतं. तसं नाही. एखाद्या जाडजूड पोथीची मधली पानं काढून जिथे कोरी जागा दिसेल तिथे डकवायची, अशी कल्पना करा. आता ‘पुढे अमुक पानावर जा’ असं त्या पोथीत जिथे जिथे लिहिलंय, ते प्रत्येक ठिकाण शोधून पानाचा आकडा बदलायला हवा. डकवलेल्या पानांमध्येसुद्धा. एक आकडा राहिला की वाचणारा भलत्याच पानावर, आणि तिथून कुठे जाईल याचा नेम नाही. शिवाय ज्या कोऱ्या जागेवर पान डकवलं ती खरंच कोरी होती का, हेही आधीच बघायला हवं.

१८ एप्रिलला पहिला तुकडा गेला. सगळ्यात निकडीचा: यानाच्या तब्येतीची माहिती बांधणारा.

[२० एप्रिल २०२४. बैठकीची खोली, लांब टेबल.]

शनिवार होता. मंडळी टेबलाभोवती जमली होती. या क्षणाचं छायाचित्र आहे आणि मला वाटतं त्यावर निवेदन नकोच.

[पाच सेकंद शांतता.]

पाच महिन्यांनी यान पहिल्यांदाच कळेल असं बोललं होतं.

पुढचं भराभर झालं. मेमध्ये दोन उपकरणांची माहिती येऊ लागली. १३ जून २०२४ ला नासाने सांगितलं, चारही उपकरणं पूर्ववत. त्याच्या चार दिवस आधी, ९ जूनला, एड स्टोन गेले. १९७२ ते २०२२, अशी पन्नास वर्षं ते व्हॉयेजरचे प्रमुख वैज्ञानिक होते.

[अंधार. दूरवर एक बारीक ठिपका.]

यानाची वीज दर वर्षी सुमारे चार वॅटने घटते, त्यामुळे एकेक गोष्ट बंद करावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एक हीटर सुरू करायची आज्ञा दिली आणि यानाने सावधगिरी म्हणून आपला मुख्य ट्रान्समीटरच बंद केला. मग ते सापडलं दुसऱ्याच, कितीतरी क्षीण ट्रान्समीटरवर. तो १९८१ नंतर कुणी वापरलाच नव्हता. चालू झाला.

अंतर वाढतच आहे. प्रकाशाला तिथवर जायला पूर्ण एक दिवस लागावा, इतकं ते ज्या महिन्यात होतं तो महिना नोव्हेंबर २०२६. त्यानंतर सोमवारी सकाळी आठला कुणी त्याला रीस्टार्ट हो म्हणालं, तर झालं की नाही हे कळायला बुधवारचे आठ वाजून जातील.