खिडकीतून दिसणारी 3 झाडं

नमस्कार, श्रोतेहो.

गोव्यात राहून हिरवळीची तक्रार करायची म्हणजे नाखव्यानं मासळी मिळत नाही म्हणण्यासारखं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात आपल्या राज्याचा 60 टक्क्यांहून जास्त भाग वनाच्छादित दाखवला आहे. पण ही मोजणी उपग्रहातून, वरून केलेली. त्यात सत्तरी-सांग्याचं रान आलं, काजूच्या बागायती आल्या. माणसं मात्र, 2011 च्या जनगणनेनुसार, 62 टक्के शहरी भागात राहतात.

त्याच 2021 साली सेसिल कोनाइनेंडाइक या नागरी वनतज्ज्ञानं एक साधी मोजपट्टी सुचवली. घरातून 3 झाडं दिसावीत, वस्तीत 30 टक्के जागेवर झाडांचं छत्र असावं आणि बाग 300 मीटरच्या आत असावी. मी पणजीत आल्तिनोवर राहते. वाचल्या वाचल्या खिडकीशी जाऊन मोजली, 11 भरली. त्यातला फणस शेजाऱ्यांचा, पण दिसतो ना! आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या, "ताई, आमच्या खोलीला खिडकीच नाही."

पुढे एकदा त्यांच्याकडे जाणं झालं. शहराबाहेर टेकडीच्या उतारावर वस्ती. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर भिजवलेली पोती. मार्चातले सकाळचे 11, आणि आत बसवत नव्हतं. दारात मात्र तेलाच्या डब्यात तुळस, फुटक्या बादलीत कढीपत्ता आणि मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात तांबडी भाजी. "ही आमची 3 झाडं," त्यांची मुलगी म्हणाली. आईनं घरी सगळं सांगितलेलं दिसत होतं.

या बाईंना पणजीतल्या बागेतला कुठला झोका करकरतो तेही ठाऊक आहे, कारण दुसऱ्या एका घरचं बाळ त्या रोज संध्याकाळी तिथे नेतात. त्यांची स्वतःची मुलगी तिथे आली आहे दोनदा. बसचं भाडं दोघींचं, आणि संध्याकाळी नळाला पाणी येतं ते भरायला घरात ही मुलगीच असते. बागेला तिकीट नाही हे खरं, पण पोचायला पैसे लागतात आणि वेळही लागतो. हा हिशेब शहराच्या नकाशात दिसत नाही. तिथे हिरवा ठिपका असला की काम झालं!

हा काही नुसत्या फिरण्याच्या हौसेचा प्रश्न नाही. 2008 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्पन्न कमी तशी माणसं लवकर मरतात, हे तिथेही आहेच. पण ज्या भागांत हिरवळ जास्त, तिथे श्रीमंत-गरिबांमधली ही तफावत कमी आढळली. म्हणजे झाडाची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याच्याच दारात ते नाही. आमच्या दारात तर पंखा आहे, एसी आहे आणि वर फणसही.

मिरामारच्या किनाऱ्याचं मला म्हणून कौतुक वाटतं. रविवारी संध्याकाळी तिथे वाळूत कोण बंगल्यातलं आणि कोण खोलीतलं, ओळखून दाखवा. फाटकच नाही ना! फाटक आलं की वेळा येतात. घराजवळच्या एका बागेला दुपारी कुलूप असतं. समोर इमारतीचं काम चालू आहे, तिथले मजूर जेवणाच्या सुट्टीत तिच्या कुंपणाला टेकून बसतात. आतल्या झाडाची जेवढी सावली बाहेर पडते, तेवढ्यात 7-8 जण. मी रखवालदाराला विचारलं, "अहो, दुपारी का बंद ठेवता?"

"उघडी ठेवली तर लोक येऊन झोपतात, बाई."