आपली भुतं कोणती?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर आला की इथे परदेशात हॅलोविनसाठी अंगणांत सांगाडे लटकतात, आणि आपली मुलं घरी येऊन विचारतात, “आपली भुतं कोणती?” मला हा प्रश्न फार आवडतो. “असलं काही नसतं” म्हणून तो उडवून लावू नका.

‘भूत’ हा शब्द ‘भू’ धातूपासून आला. भू म्हणजे असणं, होणं. भूत म्हणजे जे झालं ते. भूतकाळ त्यातलाच आणि पंचमहाभूतंही त्यातलीच. जे जन्माला आलं ते भूत, आणि जे होऊन गेलं तेही भूत. गीतेच्या नवव्या अध्यायात ‘भूतानि यान्ति भूतेज्या’ म्हणताना पिशाचादी गण अभिप्रेत आहेत; तिथून चारच श्लोक पुढे ‘समोऽहं सर्वभूतेषु’ येतं, तिथे सगळे जीव. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये ‘भूतां परस्परें पडो मैत्र जीवांचें’ असं मागितलं, ते याच दुसऱ्या अर्थाने. पसायदान पाठ असलेल्या मुलांना हे जरूर सांगा.

बाकीची नावं निरनिराळ्या वाटांनी आली. खवीस अरबी ‘खबीस’वरून, म्हणजे दुष्ट. जखीण मूळची यक्षिणी. प्राचीन शिल्पांत ती झाडाची फांदी धरून दिमाखात उभी असते; आपल्या लोककथांत मात्र मेल्यावरही नवऱ्यात जीव घुटमळणारी सवाष्ण झाली. ही घसरण मला खरंच टोचते.

आणि मुंजा. मुंज झाली, पण सोडमुंज, म्हणजे मुंजीचं व्रत संपवण्याचा विधी, होण्याआधीच गेला, तो मुलगा. तो पिंपळावर राहतो म्हणतात. ज्या काळी घरोघरी लहान मुलं दगावत, त्या काळच्या आईबापांचं दुःख या नावात साठलेलं आहे. मुलांना मुंज्याची गोष्ट सांगताना त्याला नुसतं भयंकर करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

पुढच्या वेळी आजीला फोन लावाल तेव्हा तिच्या गावच्या भुतांची नावं विचारून लिहून ठेवा. आजी कोकणातली असेल तर पाण्यातला गिऱ्हा निघेल आणि देवचारही निघेल. देवचार तर गावाचा राखणदार. रात्री वाट चुकलेल्याला तो घरी पोचवतो, असं तिकडची माणसं आजही सांगतात.