शर्यत जिंकणारा दुसरा माणूस

श्रोते हो, आजचा जाहीर विषय स्टॉक कार शर्यतीतील क्रू चीफची, म्हणजे गाडीच्या तांत्रिक संघाच्या प्रमुखाची, कारकीर्द असा आहे, आणि पुण्यासारख्या वाहनउद्योगाच्या शहरात नॅसकार, म्हणजे अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींची संघटना, हे मला नव्याने सांगावे लागू नये. माझी जुनी तक्रार अशी की, छायाचित्र छापून येते ते चालकाचे. धोक्याचा पिवळा झेंडा लागून शर्यत मंदावल्यावर चारही टायर बदलायचे की दोनच बदलून पुढे निघायचे, हे ठरवणारा माणूस कानाला हेडसेट लावून पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवण्याच्या जागेत, उभा असतो, आणि निर्णय चुकला की मगच त्याचे नाव सर्वांना आठवते.

न्यू जर्सीचा रे एव्हरनॅम स्वतः शर्यतीत गाड्या चालवत असे. 1991 मधील अपघातात डोक्याला झालेल्या दुखापतीने ते संपले, आणि 1992 च्या अखेरीस अटलांटात तो तरुण चालक जेफ गॉर्डनचा क्रू चीफ म्हणून उभा राहिला. नॅसकारचा दिग्गज चालक रिचर्ड पेटी याची ती शेवटची शर्यत होती, त्यामुळे त्या दिवशी या दोघांकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

त्याच्या ज्या गाडीविषयी मी संधी मिळेल तिथे बोलतो, ती म्हणजे 1997 ची टी-रेक्स. गॉर्डनच्या हेंड्रिक संघातील अभियंता रेक्स स्टंप याच्यावरून तिचे नाव पडले. गाडीवर डायनासोर रंगवलेला होता, तो निव्वळ जाहिरातीचा योगायोग. एव्हरनॅम आणि स्टंप यांनी नियमपुस्तक आपल्याकडचा वकील करारनामा वाचतो तसे वाचले, आणि जिथे मनाई नव्हती तिथे चेसिसची (गाडीच्या सांगाड्याची) रचना नव्याने केली. गाडी तपासणीतून सुटली, शार्लट येथील ‘द विन्स्टन’ ही शर्यत तिने जिंकली, आणि ती पुन्हा आणू नका असे अधिकाऱ्यांनी सांगितले. मग नियम बदलले. एखाद्या अभियंत्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते मिळणार? (इथे परीक्षा विभागातील कोणी बसले असल्यास त्यांनी हे मनावर घेऊ नये.)

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा आटोपता घेतो. क्रू चीफची खरी विद्या भाषांतराची आहे. चालक रेडिओवर म्हणतो की वळणावर गाडीचे तोंड बाहेर पळते आहे. मग पिटमध्ये मागच्या काचेच्या छिद्रातून लांब पाना घालून स्प्रिंगचा स्क्रू एक फेरा सैल केला जातो, मागच्या स्प्रिंगवरचा दाब बदलतो आणि चाकांवरचे वजन तिरक्या रेषेत इकडचे तिकडे होते. हे सारे टायर बदलतानाच्या काही सेकंदांत साधावे लागते. एव्हरनॅमच्या काळात तर टायर बदलणाऱ्यांना खेळाडूंसारखे प्रशिक्षण देण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा माजी अमेरिकन फुटबॉलपटू अँडी पापाथानासिऊ संघात होता. 1995, 1997 आणि 1998 ही विजेतेपदे मिळवून 1999 मध्ये एव्हरनॅम बाहेर पडला आणि स्वतः संघमालक झाला.

त्याच्याच हाताखाली वाढलेला क्रू चीफ चॅड नॉस याने चालक जिमी जॉन्सनसोबत 7 विजेतेपदे मिळवली. 2006 च्या डेटोना 500 या नॅसकारच्या प्रतिष्ठेच्या शर्यतीवेळी मात्र मागच्या काचेतील नियमबाह्य बदलामुळे तो निलंबित होता, तरीही बदली क्रू चीफ डॅरियन ग्रबच्या देखरेखीखाली जॉन्सन जिंकला. मग क्रू चीफ हवाच कशाला, असे कोणी विचारील. तो संघ आणि त्याची कामाची पद्धत नॉसनेच घडवलेली होती, एवढे उत्तर देऊन मी थांबतो.