पेशी वाढल्या की आतल्या गुदमरतात

श्रोतेहो, नमस्कार. प्रयोगशाळेत कातडी वाढवता येते, सांध्यातली कूर्चा वाढवता येते. मग यकृताचा चांगला जाडजूड तुकडा का वाढवता येत नाही? पेशी मिळतात, त्यांना धरून ठेवणारा सच्छिद्र सांगाडा मिळतो, पोषक द्रवही मिळतो. घोडं पेंड खातं ते मुख्यतः ऑक्सिजनपाशी.

ऊतीत ऑक्सिजन किती दूर पोचतो, या हिशेबाची सुरुवात १९१९ साली डेन्मार्कमध्ये झाली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग स्नायूंतल्या केशवाहिन्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्या, मोजत होते. एक केशवाहिनी म्हणजे मधली नळी आणि तिच्याभोवतीचा ऊतीचा दंडगोल तिच्या वाट्याचा, असं चित्र त्यांनी धरलं. नळीपासून दूर जाताना ऑक्सिजन कसा घटतो, याचं सूत्र त्यांना करून दिलं एर्लांग या गणितज्ञाने. हे गृहस्थ नोकरीला होते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत, किती ग्राहकांना किती लाइनी पुरतील याचं गणित करायला! पुढच्याच वर्षी क्रोगना केशवाहिन्यांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

आता कागद-पेन्सिल असेल तर घ्या. ऑक्सिजन ऊतीत शिरतो तो विसरणाने, म्हणजे रेणू इकडेतिकडे धडपडत पुढे सरकतात. मिलिमीटरचा दहावा भाग ओलांडायला त्यांना दोन-तीन सेकंद लागतात. अंतर शंभरपट केलं, म्हणजे एक सेंटिमीटर, तर वेळ दहा हजारपट होतो, सहा-सात तास! आणि वाटेत प्रत्येक पेशी आपला वाटा काढून घेतच असते. त्यामुळे दाट पेशींच्या ऊतीत ऑक्सिजन जेमतेम मिलिमीटरच्या पाचव्या भागापर्यंत पोचतो. १९५५ साली टॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांना फुप्फुसातल्या कर्करोगाच्या गाठींमध्ये मेलेल्या पेशी साधारण याच अंतरापलीकडे दिसल्या होत्या.

मग बाहेरून जास्त ऑक्सिजन सोडला तर? इथे गणित हात आखडतं. पोचण्याची खोली पुरवठ्याच्या वर्गमुळाने वाढते. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन दिला, तर पुरवठा पाचपट होतो, पण खोली जेमतेम सव्वादोन पट. शिवाय पृष्ठभागावरच्या पेशींना तेवढा ऑक्सिजन बाधतो तो वेगळाच. रक्ताची बातच निराळी. हिमोग्लोबिनच्या जोरावर लिटरभर रक्त सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं; लिटरभर पोषक द्रवात तो विरघळतो सुमारे ५ मिलिलिटर.

मला यातला सर्वांत चमत्कारिक भाग वाटतो तो पेशींच्या वाढीचा. सांगाड्यात पेशी पेरल्या त्या दिवशी त्या विरळ असतात, ऑक्सिजन सगळीकडे पोचतो. त्या दुप्पट होतात, चौपट होतात. चौपट झाल्या की ऑक्सिजन पोचण्याची खोली निम्मी! कडेच्या पेशी फोफावतात आणि मधल्यांचा घास तोडतात. म्हणून या वाढीच्या गणिती प्रारूपात दोन समीकरणं एकमेकांत गुंतवावी लागतात: पेशी किती, यावर ऑक्सिजन ठरतो आणि ऑक्सिजन किती, यावर पेशींची पुढची वाढ. ती संगणकावर सोडवली की कडेला दाट साल आणि आत पोकळ गाभा असं चित्र येतं. काही आठवड्यांनी कापलेल्या सांगाड्यातही बहुधा हेच दिसतं. कूर्चेचं त्यातल्या त्यात निभावतं. तिच्या पेशी थोड्या, खाणं कमी आणि शरीरातही त्यांना रक्तवाहिन्या नसतातच.

उपाय म्हणून सांगाड्यातून द्रव खेळवत ठेवतात. वेग कमी पडला तर गाभा उपाशी, जास्त झाला तर पेशी सुटून वाहून जातात. मधला वेग कोणता, हे आधी कागदावर काढलं की महागडे प्रयोग वाचतात.

एक गोष्ट मात्र या गणिताला अजून छळते. एक पेशी सेकंदाला किती ऑक्सिजन खाते, हा आकडा आपण स्थिर धरतो. पण उपासमार झाली की पेशी आपलं खाणं कमी करते, काही पेशी ऑक्सिजनविना साखर मोडून दिवस काढतात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल शेजारणींना बाधतं. मग तिसरं समीकरण आलं आम्लाचं, चौथं साखरेचं, आणि प्रत्येकात मोजायला कठीण असे दोन-तीन आकडे.