चोडणच्या खाडीत जाताय? आधी भरती कधी ते बघा

(कॅमेरा होडीत. आवाज हळू.)

हळू बोलतोय, कारण समोरच्या फांदीवर खंड्या बसलाय. निळी-हिरवी पाठ, मानेभोवती पांढरी पट्टी. आपल्या विहिरीवर दिसतो तो वेगळा, हा कांदळवनातला. चोच बघा केवढी... गेला. मी बोललो ना.

नमस्कार मंडळी. आपण आहोत गोव्यातल्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात. जागा पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, १९८८ पासून अभयारण्य. रायबंदरहून फेरीबोटीने उतरलात की लगेच पोचता.

मला रोज एकच मेसेज येतो, ‘दादा, सकाळी किती वाजता जाऊ?’ मी विचारतो, भरती कधी आहे?

पहिल्यांदा आलो तेव्हा मीही घड्याळ लावून आलो होतो. सातला होडीत बसलो, ऊन कोवळं, सगळं छान. पाऊण तासात खाडीच्या अरुंद फाट्यातलं पाणी सरकून गेलं आणि होडी चिखलात टेकली. मी शहाणपणा करून एक पाय बाहेर टाकला. गुडघ्यापर्यंत आत! पाय आला, चप्पल तिथेच राहिली. होडीवाला वल्हं आडवं ठेवून म्हणाला, “आतां बसून राव.” बसलो. डास मात्र बसून नव्हते.

तर गणित ऐका. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे या रविवारी सातला भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच सातला जवळपास ओहोटी. ‘मागच्या आठवड्यात तर भरपूर पाणी होतं’ असं म्हणणारे इथेच फसतात.

माझा नेम असा: भरतीच्या दोन-अडीच तास आधी पाण्यात उतरायचं. तेव्हा फाट्यात होडी चालण्याइतकं पाणी असतं आणि कडेचा चिखल अजून उघडा असतो. पक्षी तिथेच चरतात. हे बघा, बगळा, पलीकडे तुतारी. आणि हा इवला खेकडा, एकच नांगी मोठी, ती हलवून कोणाला बोलावतोय कोण जाणे. शिवाय चढत्या पाण्यात होडी टेकली तरी पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली तर काय होतं ते सांगितलंच.

मासेमारी? अभयारण्यात गरी टाकायची नाही, विषय संपला. बाहेर नदीकाठी मात्र काळुंदर, शेवटो, नशीब असेल तर चोणकही. आमिषाला सुंगटं, म्हणजे कोळंबी. फक्त खाजनाच्या मानसापाशी विचारल्याशिवाय बसू नका. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं लाकडी दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पाणी ढकलून ते उघडतं, आणि तिथे जाळं लावलेलं असतं. या मासळीच्या हक्काचा लिलाव होतो, कोणीतरी पैसे मोजलेले असतात. आपण हौशी लोक तिथे गरी सोडून बसलो तर शिव्या खाणारच, आणि त्या रास्त असतात.

कयाकवाल्यांनो, मांडवी आणि जुवारी जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. हात-पाय आत. बोरी-दुर्भाटकडचे शेतकरी पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात, ‘मानगे थापणी’ म्हणतात तिला. शेजाऱ्याशी कसं वागावं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. लाइफ जॅकेट घाला, एवढं सांगून पुढे जातो.

भरतीचं गणित नकोच असेल तर गोड्या पाण्याची तळी आहेत. करमळीचं तळं रेल्वे स्टेशनजवळच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, बांधावर दुर्बीण घेऊन बसा. अडई बदकांचे थवे शिट्टी घालत उतरतात, जांभळ्या पाणकोंबड्या गवतातून लाल पाय टाकत फिरतात. कुडचड्याचं नंदा तळं २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, गोव्यातलं पहिलंच. तिथे साठवलेल्या पाण्यावर खालची भातशेती होते, लोक मासेही धरतात. मयेचं तळंही सुंदर, पण सुट्टीच्या दिवशी शांतता शोधायला तिथे जाऊ नका.

(कॅमेरा कांदळाच्या मुळांवर.)

हे मूळ दिसतंय? पाण्याच्या वर बोटभर ओली रेघ आहे. मघाशी नव्हती. म्हणजे पाणी फिरलं. होडीवाल्याने मला न विचारताच तोंड फिरवलंय बघा. चला, आज चप्पल शाबूत आहे.