इंजेक्टर मोजतो, कॅम वेळ साधतो

कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्टर आला की मायलेज वाढतं हे सगळ्यांना माहितीये. का वाढतं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, पेट्रोल पूर्ण जळतं म्हणून. पण नीट ट्यून केलेल्या कार्ब्युरेटरच्या गरम इंजिनातसुद्धा बहुतेक पेट्रोल जळतंच की! म्हणून आधी आपण जे पेट्रोल जळूनही वाया जातं त्याच्याबद्दल बोलू.

एक सिरिंज घ्या, तोंडावर बोट दाबा आणि दट्ट्या मागे ओढा. जोर लागतो ना? रोजच्या चालवण्यात आपण ॲक्सिलरेटर थोडासाच दाबलेला असतो, थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) जवळजवळ मिटलेला, आणि पिस्टन नेमका असाच व्हॅक्यूमविरुद्ध ओढत खाली येतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये, दर दोन फेऱ्यांना एकदा. ही मेहनत इंजिन स्वतःच्याच पॉवरमधून करतं. याला पंपिंग लॉस म्हणतात. पेट्रोल इंजिन फुल थ्रॉटलला बरं आणि गर्दीत उधळं, त्याचं हे एक मोठं कारण.

आता इंजेक्शन. कार्ब्युरेटर हवेच्या वेगावर पेट्रोल ओढून घेतो, हवेचं वजन त्याला कळत नाही. थंडीत हवा दाट, डोंगरावर विरळ, जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक, मात्र तेच. इंजेक्शनमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सरवरून सिलिंडरमध्ये किती वजनाची हवा जाणार ते काढतो आणि त्या हिशोबाने इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो, एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा. खरं म्हणजे नुसतं मायलेजच बघायचं असतं तर याहून थोडं लीन, म्हणजे कमी पेट्रोलचं, १६ च्या आसपास, जास्त बरं पडलं असतं, पण धुरातले विषारी वायू कमी करणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १४.७ च्या अगदी जवळच नीट काम करतो, म्हणून ऑक्सिजन सेन्सर सारखं त्या आकड्याभोवती मिश्रण धरून ठेवतो.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात, त्या वेळात पेट्रोल शून्य. म्हणून उतारावर न्यूट्रल करू नका, न्यूट्रलमध्ये आयडलसाठी उलट पेट्रोल लागतं आणि इंजिन ब्रेकिंगही जातं.

आता कॅमकडे येतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या दांड्याकडे, मला सगळ्यात आवडणारा भाग. ६००० आरपीएमला क्रँकची एक फेरी १० मिलिसेकंदात होते, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह जेमतेम ६-७ मिलिसेकंद उघडा असतो. हवेला वजन आहे, एकदा धावायला लागली की पिस्टन वर वळला तरी ती आत घुसतच राहते, म्हणून या स्पीडला व्हॉल्व्ह उशिरा मिटलेला चांगला. पण तोच उशीर कमी आरपीएमला ठेवला तर आत आलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळ्यांत) ढकलली जाते आणि टॉर्क पडतो. फिक्स कॅम म्हणजे या दोघांमधली तडजोड. व्हेरिएबल टायमिंगमध्ये कॅमच्या टोकाला फेझर असतो, आत पाती असतात, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला ऑइल सोडतो आणि चालू इंजिनात कॅम काही अंश पुढेमागे सरकतो. अल्फा रोमिओने १९८० मध्ये प्रॉडक्शन गाडीत हे आणलं, होंडाचं व्हीटेक १९८९ चं, त्यात तर कॅमचा लोबच, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटाच, बदलतो.

मग पेट्रोल कुठे वाचतं? त्या सिरिंजमध्येच! अर्ध्या लोडला इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा जास्त वेळ एकत्र उघडे ठेवले की थोडा जळलेला गॅस सिलिंडरमध्येच राहतो, जागा अडवतो, आणि तेवढ्याच टॉर्कला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, म्हणजे बोट सैल झालं. किंवा इनटेक मुद्दाम खूप उशिरा मिटवायचा, मग कॉम्प्रेशन (मिश्रण दाबणं) छोटं आणि एक्सपान्शन (जळलेल्या गॅसने पिस्टन ढकलणं) लांब होतं, गॅसमधून जास्त काम निघतं. जेम्स ॲटकिन्सनने हीच कल्पना १८८० च्या दशकात किचकट लिंकेजने केली होती, १९९७ च्या टोयोटा प्रियस या हायब्रिड गाडीने ती नुसत्या व्हॉल्व्ह टायमिंगने केली. टॉर्क कमी होतो, ती कसर इलेक्ट्रिक मोटर भरून काढते.

आणि इंजेक्शन आणि व्हेरिएबल टायमिंग ही दोन्ही तंत्रं एकमेकांशी जोडलेली आहेत बरं का. कॅम १० अंश सरकला की त्याच थ्रॉटलला, त्याच आरपीएमला आत अडकणारी हवा बदलते, म्हणजे पेट्रोलचा हिशोबही बदलायला हवा. कार्ब्युरेटरला हे कसं कळणार?

एकाने विचारलं, डायरेक्ट इंजेक्शनचं काय? तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, २०० बार आणि त्याहून जास्त प्रेशरने जातं, वाफ होताना आतली हवा थंड करतं, नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप भडकणं, लांबतं, म्हणून कॉम्प्रेशन रेशो वाढवता येतो आणि एफिशियन्सी वाढते. पण इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतला जात नाही आणि त्यावर कार्बन बसतो, त्यामुळे काही कंपन्या पोर्ट (व्हॉल्व्हच्या बाहेर पेट्रोल सोडणारे) आणि डायरेक्ट दोन्ही इंजेक्टर देतात. आणि फेझर ऑइलवर चालतो म्हणून सांगतो, ग्रेड कंपनीने सांगितलेलाच वापरा आणि वेळेवर बदला, ऑइल काळं चिकट झालं की फेझर अडकतो आणि आयडल खराब होतं, मग लोक विनाकारण इंजेक्टर साफ करत बसतात.