शिक्षा कोणत्या तारखेची?

श्रोतेहो, नमस्कार.

पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवताना एक रकाना भरावा लागतो: गुन्हा कधी घडला? आपण तारीख सांगतो, हवालदार लिहून घेतो. पुढे खटला रेंगाळतो, न्यायाधीश बदलतात, कायदाही बदलतो. ती तारीख मात्र जागची हलत नाही. आणि जास्तीत जास्त शिक्षा किती, हे ठरतं तिच्यावरूनच.

छत्तीसगडमधला खटला घ्या. २० मे २०१९ ला पाच वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १६ ऑगस्टला, पोक्सो, म्हणजे लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, कडक झाला. प्रवेशासह केलेल्या गंभीर लैंगिक हल्ल्याची किमान शिक्षा दहा वर्षांवरून वीस वर्षांवर गेली, आणि जन्मठेपेपुढे 'उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर' हे शब्द आले. खालच्या न्यायालयानं तीच नवी शिक्षा सुनावली. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला दोषीच ठरवलं, जन्मठेपही ठेवली, फक्त ते तीन शब्द काढले. साध्या जन्मठेपेत सरकारला शिक्षेत सूट देता येते. त्या तीन शब्दांनी ती वाट जवळजवळ बंद होते.

आधार राज्यघटनेच्या कलम २० चा. गुन्हा घडला त्या दिवशीच्या कायद्यात जितकी शिक्षा देता आली असती, तिच्याहून जास्त कुणालाही देता येत नाही. त्या मुलीच्या आईला हे कोणत्या तोंडानं समजावायचं? मला तरी जमणार नाही. तरीही न्यायालयाचं बरोबर होतं असंच मी म्हणेन. मागच्या तारखेनं शिक्षा वाढवायची मुभा एकदा सरकारला दिली, की ती फक्त नराधमांसाठीच वापरली जाईल याची हमी कोण देणार?

आणि जुना कायदा म्हणजे मवाळ कायदा, असंही नाही. अजमेरमध्ये १९९२ साली शाळकरी मुलींना फोटोंची धमकी देऊन छळल्याचं प्रकरण उघडकीला आलं. त्यातल्या सहा जणांना शिक्षा झाली २० ऑगस्ट २०२४ ला. तेव्हा जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू होऊन सात आठवडे झाले होते. तिच्यात सामूहिक बलात्काराला किमान वीस वर्षं आहेत. पण इथे जुनी दंड संहिताच लागू होती, आणि तिच्याखालीही सहाही जणांना जन्मठेप झाली. निकाल देणारं न्यायालय पोक्सोचं होतं. १९९२ मध्ये पोक्सोचा पत्ताही नव्हता!

त्या जुन्या संहितेतली सामूहिक बलात्काराची दहा वर्षांची किमान शिक्षा आली होती १९८३ मध्ये. तिच्यामागे आपल्या गडचिरोलीतल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचं १९७२ चं प्रकरण. त्यातले दोन्ही पोलीस १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले, देशभर संतापाची लाट उठली, आणि कायदा बदलला. तो लागू झाला मात्र पुढच्या गुन्ह्यांना.

कायदा सौम्य झाला तर? तिथे दार उघडं राहतं. १९६४ च्या एका निकालात सोळा वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या मुलीच्या विनयभंगाबद्दल सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली होती. शिक्षेनंतर त्या भागात परिवीक्षेचा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा कायदा आला, आणि सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं त्याचा फायदा त्याला दिला. काहींना हे पचत नाही. मलाही घास गिळायला थोडा वेळ लागला.

खरी पंचाईत होते ती अत्याचार वर्षभर चाललेला असतो तेव्हा. लहान मुलाला तारीख कुठून आठवणार? 'मामाच्या लग्नाआधी', 'गणपतीत', 'मी तिसरीत होते तेव्हा', असंच ते सांगतं. हसू नका, घाई करू नका, आणि आपल्या मनानं तारीख ठोकून देऊ नका. मूल म्हणेल तसंच लिहून घ्यायला सांगा. मग लग्नाची पत्रिका शोधा, शाळेचं प्रगतिपुस्तक काढा. २०१९ चा गणपती २ सप्टेंबरला बसला होता, म्हणजे कायदा बदलल्यानंतर सतरा दिवसांनी.